त्रिमितीय निर्देशकांवरून लांबी काढताना: मराठी माध्यमातून अकरावीत आलेल्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मराठी माध्यमातून दहावी करून मी अकरावीला तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेत गेलो, तेव्हा पायथागोरसचे प्रमेय आणि निर्देशक भूमिती ही दोन्ही प्रकरणे मला व्यवस्थित येत होती. तरीही फळ्यावर तिसरा अक्ष आला त्या दिवशी माझे सारे गणित थांबले. सपाट फळ्यावर तिरप्या काढलेल्या रेषेला इतर दोन्ही रेषांशी काटकोनात मानायचे होते आणि मला ती तिरपीच दिसत होती. चित्रात लांब दिसणारी बाजू उत्तरात आखूड निघे आणि आखूड दिसणारी लांब. पुढे दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी चित्राकडे पाहून लांबी ओळखू पाहत होतो, आणि नेमके तेच करायचे नसते. त्रिमितीय आकृतीचे कागदावरचे चित्र फसवे असते. बिंदूंचे निर्देशक बरोबर लिहिले असतील तर ते फसवत नाहीत. हा लेख एवढ्या एका गोष्टीभोवती लिहिला आहे.

सुरुवातीला शब्दांची अडचण दूर करू. महाविद्यालयात ज्याला ओरिजिन म्हणतात तो आपला आरंभबिंदू, कोऑर्डिनेट म्हणजे निर्देशक, प्लेन म्हणजे प्रतल, क्युबॉइड म्हणजे इष्टिकाचिती आणि डायगोनल म्हणजे कर्ण. मराठीत काटकोन त्रिकोणाच्या सर्वांत लांब बाजूलाही कर्ण म्हणतात आणि चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषेलाही कर्णच म्हणतात. हा दुहेरी अर्थ इथे उपयोगी पडतो, कारण पुढे आपण चौकोनाच्या कर्णाला काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणूनच मोजणार आहोत.

जवळ ठेवण्याच्या वस्तू:

- चौकटींची वही, पेन्सिल आणि पट्टी
- मीटर व इंच दोन्ही खुणा असलेला टेप
- सुतळीचा गुंडा आणि ओळंबा. ओळंबा नसल्यास दोरीला बांधलेला दगड चालतो
- एकाच मापाच्या तीन भाजक्या विटा किंवा तीन सारखे रिकामे खोके

१. खोलीचा कोपरा हाच आरंभबिंदू माना

घरातील एखाद्या चौकोनी खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीजवळ बोट ठेवा. तिथे तीन कडा भेटतात: जमिनीवरून एका भिंतीलगत जाणारी, जमिनीवरूनच दुसऱ्या भिंतीलगत जाणारी आणि सरळ वर छताकडे जाणारी. याच तीन कडा म्हणजे एक्स, वाय आणि झेड अक्ष, आणि बोट आहे तो बिंदू (०, ०, ०). वहीतील चित्रापेक्षा हा कोपरा कितीतरी प्रामाणिक आहे, कारण इथले तिन्ही काटकोन खरोखरच काटकोन आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पहिले दोन दिवस मी चित्र काढूच देत नाही. ती कोपऱ्याजवळ बसूनच बिंदू सांगतात.

खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे असे धरा. लांबीच्या कडेचे दुसरे टोक (४, ०, ०), जमिनीवरचा समोरचा कोपरा (४, ३, ०) आणि त्याच्या बरोबर वरचा छताचा कोपरा (४, ३, ३). आठही कोपरे असेच लिहून काढा. कोणत्याही बिंदूचे निर्देशक म्हणजे कोपऱ्यातून निघून त्या बिंदूपर्यंत पोहोचण्यासाठी लांबीच्या दिशेने किती, रुंदीच्या दिशेने किती आणि वर किती जावे लागले याची नोंद होय. क्रम एकदा ठरवला की शेवटपर्यंत बदलू नका. एका बिंदूत लांबी आधी आणि दुसऱ्यात रुंदी आधी लिहिली गेली, तर पुढची आकडेमोड कितीही शुद्ध असली तरी उत्तर चुकते, आणि ही चूक नंतर सापडत नाही.

जागा संख्यांनी सांगण्याची ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ रेने देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभबिंदू कुठे घ्यायचा याचे स्वातंत्र्य तेव्हापासून आपल्याकडेच आहे, म्हणून तो सर्वांत जास्त शून्ये मिळतील अशाच जागी घ्यावा.

२. पायथागोरसचे प्रमेय दोनदा लावा

सूत्र पाठ करण्याआधी ते कुठून येते हे एकदा हाताने करून पाहावे. खोलीच्या जमिनीवरील कोपरा अ (०, ०, ०) पासून छतावरील समोरचा कोपरा क (४, ३, ३) पर्यंत सुतळी ताणायची आहे. आधी जमिनीवर पाहा. अ पासून ब (४, ३, ०) पर्यंतचा जमिनीचा कर्ण पायथागोरसने मिळतो: ४चा वर्ग १६, ३चा वर्ग ९, बेरीज २५, म्हणून कर्ण ५ मीटर. आता ब च्या डोक्यावर ३ मीटर उंचीवर क आहे. भिंतींची ती उभी कड जमिनीवरच्या प्रत्येक रेषेला काटकोनात असते, त्यामुळे अबक हा पुन्हा काटकोन त्रिकोण झाला. ५चा वर्ग २५, ३चा वर्ग ९, बेरीज ३४, आणि ३४चे वर्गमूळ साधारण ५.८३. सुतळीची लांबी ५.८३ मीटर.

हीच दोन पावले एकत्र लिहिली की अंतराचे सूत्र तयार होते: दोन बिंदूंच्या एक्स निर्देशकांतील फरक, वाय निर्देशकांतील फरक आणि झेड निर्देशकांतील फरक काढावेत, प्रत्येकाचा वर्ग करावा, तिन्ही वर्गांची बेरीज करावी आणि त्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे. दहावीच्या सूत्रात फक्त तिसरा फरक वाढला आहे. दोन्ही बिंदू एकाच उंचीवर असले तर तो फरक शून्य होतो आणि आपण पुन्हा दहावीच्या सूत्राशी येतो.

आता एक खरा प्रश्न घेऊ. तुषार सिंचनाचे पाइप साधारणपणे ६ मीटर लांबीचे येतात. वरच्या खोलीत असा पाइप तिरपा उभा करून ठेवता येईल का? खोलीतील सर्वांत लांब सरळ अंतर ५.८३ मीटर आहे, म्हणून येणार नाही. इथे वर्गमूळ काढण्याचीही गरज नव्हती: पाइपचा वर्ग ३६, खोलीच्या कर्णाचा वर्ग ३४, आणि ३४ हे ३६पेक्षा लहान. खोली ४ बाय ४ आणि उंची ३ मीटर असती, तर १६ + १६ + ९ = ४१ मिळाले असते आणि पाइप मावला असता. दोन लांब्यांची नुसती तुलना करायची असेल तेव्हा वर्गांवरच थांबा. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसताना ही सवय फार वेळ वाचवते.

३. उत्तर हातात घेऊन पाहा

सूत्रावर विश्वास बसण्यासाठी मी आमच्या अंगणात तीन विटांचा प्रयोग केला आणि तो प्रत्येकाने करावा असे मला मनापासून वाटते. विटेचा आतला कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून पोटातून आरपार समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, टेपने मोजता येत नाही, कारण मध्ये वीट असते. म्हणून दोन विटा लांब बाजूंनी एकमेकींना चिकटवून जमिनीवर ठेवा आणि तिसरी वीट त्यांपैकी एकीवर बरोबर जुळवून ठेवा. आता दुसऱ्या विटेच्या वर नेमकी एका विटेएवढी रिकामी जागा तयार झाली. त्या दुसऱ्या विटेच्या वरच्या पृष्ठाचा बाहेरचा, तुमच्याकडचा कोपरा आणि वर ठेवलेल्या विटेच्या आतल्या बाजूचा, पलीकडचा, सर्वांत वरचा कोपरा यांमधले अंतर टेपने मोजा. तोच विटेचा कर्ण.

आमच्या विटा ९ इंच लांब, ४ इंच रुंद आणि ३ इंच जाड होत्या. सूत्राने ८१ + १६ + ९ = १०६, आणि त्याचे वर्गमूळ १०.३च्या किंचित आत. टेपवर १० इंच आणि दोन सुतांच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) थोडे पुढे खूण आली, म्हणजे सूत्राशी ती जुळलीच. तुमच्या विटांचे कोपरे झिजलेले असतील तर एखाद्या सुताचा फरक पडेल, तो सूत्राचा दोष समजू नका. इष्टिका म्हणजे वीट, आणि इष्टिकाचिती म्हणजे विटांच्या रचनेचा आकार. हा शब्द मला त्या दुपारी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला.

४. शेततळे: उणे चिन्ह आणि दोन वेगळे उतार

आपल्याकडे ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल हा शेततळ्याचा आकार शेतकऱ्याच्या तोंडी असतो. लांबीच्या गणितासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, त्या आत उतरत जातात. उतार असा धरा की १ मीटर खोल गेल्यावर बाजू १.५ मीटर आत सरकते. म्हणजे ३ मीटर खोलीला ती ४.५ मीटर आत येईल आणि तळ ३० − ४.५ − ४.५ = २१ मीटर बाजूचा चौरस होईल. वरचा एक कोपरा आरंभबिंदू घ्या: अ (०, ०, ०). त्याखालचा तळाचा कोपरा लांबीकडूनही ४.५ आत आणि रुंदीकडूनही ४.५ आत, शिवाय ३ मीटर खाली. वरची दिशा धन मानली असल्यामुळे खोली उणे येते, म्हणून ब (४.५, ४.५, −३).

अब ची लांबी काढू. फरक ४.५, ४.५ आणि −३. वर्ग २०.२५, २०.२५ आणि ९. उणे ३चा वर्ग धन ९ असतो; तो वजा करू नका, हीच चूक सर्वांत जास्त मुले करतात. बेरीज ४९.५, वर्गमूळ साधारण ७.०४ मीटर. ही कोपऱ्याची तिरपी कड झाली.

आता वरच्या एका काठाच्या मध्यावर उभे राहा: प (१५, ०, ०). तिथून सरळ खाली उतरले की तळाच्या काठावर फ (१५, ४.५, −३) येतो. फरक ०, ४.५ आणि −३. वर्ग ०, २०.२५ आणि ९; बेरीज २९.२५, वर्गमूळ साधारण ५.४१ मीटर.

एकाच तळ्यात, एकाच खोलीला, उताराच्या दोन लांब्या मिळाल्या: मध्यावर ५.४१ आणि कोपऱ्यात ७.०४. आमच्या वावरात तळे खोदले गेले तेव्हा मी आणि वडिलांनी टेप नेमका कोपऱ्यात टाकला. मी वहीत ५.४१ काढून नेले होते आणि टेप ७ मीटरच्या पुढे गेला. खोदाई चुकली असे समजून आम्ही यंत्र चालवणाऱ्या माणसाला कामच थांबवायला लावले. त्याने काही न बोलता टेप काठाच्या मध्यावर धरून दाखवला आणि तिथे माझाच आकडा निघाला. काम त्याचे बरोबर होते. मी कोपऱ्याचे निर्देशक न लिहिता मध्याचे उत्तर सगळीकडे लावले होते. तेव्हापासून लांबी काढण्याआधी दोन्ही टोकांचे निर्देशक कागदावर लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

याच आकड्यांवरून अस्तराच्या प्लास्टिक कागदाचाही अंदाज येतो. मध्यातून एका काठापासून समोरच्या काठापर्यंत पृष्ठभागावरचे अंतर ५.४१ + २१ + ५.४१ = ३१.८२ मीटर होते, ३० नाही. काठावरच्या चरात दाबण्याचा भाग यात धरलेला नाही, तो वेगळा मिळवावा. कोपऱ्यांतून तिरपे गेले तर तळाचा कर्ण २९.७० आणि दोन तिरप्या कडा मिळून सुमारे ४३.७७ मीटर भरतात, तर ३१.८२ मीटर बाजूच्या सपाट चौरस कागदाचा कर्ण ४५ मीटर असतो. हा जास्तीचा सव्वा मीटर दोन कोपऱ्यांत वाटला जातो. तळ्याच्या कोपऱ्यात कागदाला चुण्या का पडतात, हे या वजाबाकीतून कळते.

५. कोणती लांबी हवी ते आधी ठरवा

अंतराचे सूत्र फक्त सरळ रेषेतील अंतर देते, जणू सुतळी हवेतून ताणली आहे. प्रत्यक्षात हवी असलेली लांबी पुष्कळदा वेगळी असते. मघाच्याच खोलीत पंखा छताच्या मध्यावर आहे: प (२, १.५, ३). बटणांची पेटी रुंदीच्या भिंतीवर, कोपऱ्यापासून अर्धा मीटर दूर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर आहे: ब (०, ०.५, १.२). फरक २, १ आणि १.८, वर्गांची बेरीज ४ + १ + ३.२४ = ८.२४, अंतर सुमारे २.८७ मीटर. हे उत्तर बरोबर आहे, पण एवढी वायर आणली तर ती पुरणार नाही. वायर भिंतीवरून सरळ वर आणि मग छतावरून काटकोनात वळणाऱ्या पट्टीतून जाते, तिला १.८ + २ + १ = ४.८ मीटर लागतात, आणि जोडणीसाठी थोडी जास्त.

भिंत आणि छत यांना चिकटून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, असाही प्रश्न परीक्षेत येऊ शकतो. तेव्हा छत भिंतीच्या रेषेत वर उघडले आहे असे समजावे, पेटीचे झाकण उघडतो तसे. आता सारे एका प्रतलात आले: उभ्या दिशेने १.८ + २ = ३.८, आडव्या दिशेने १. वर्गांची बेरीज १५.४४, अंतर सुमारे ३.९३ मीटर. दोन बिंदू तेच असताना २.८७, ३.९३ आणि ४.८ ही तिन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत.

६. आकृती ओळखताना बाजूंवरच थांबू नका

चार बिंदू देऊन त्यांचा चौरस होतो हे दाखवा, असे प्रश्न नेहमी असतात. अ (१, २, ३), ब (३, ३, ५), क (१, ५, ६) आणि ड (−१, ४, ४) घ्या. अब साठी फरक २, १, २, वर्गांची बेरीज ९, लांबी ३. बक, कड आणि डअ याही ३ येतात, करून पाहा. ड पासून अ कडे जाताना एक्सचा फरक १ − (−१) = २ आहे; उणेच्या आधीचे उणे गाळले की तिथे शून्य येते आणि गणित बिघडते.

चारही बाजू समान निघाल्या म्हणून चौरस झाला असे लिहू नका. सपाट कागदावरही तो समभुज चौकोन असू शकतो, आणि त्रिमितीत तर चार समान बाजूंची आकृती एका प्रतलात असेलच असे नाही. घरातील जुनी बाज आठवा: चारही दांड्यांची मापे जशीच्या तशी असतात, पण चौकट पिळली गेली की एक पाय जमिनीवरून उचललेला राहतो. मापे तीच, तरी चार कोपरे एका पातळीत नाहीत. म्हणून दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कर्ण: अक साठी फरक ०, ३, ३ आणि वर्गांची बेरीज १८, बड साठी फरक −४, १, −१ आणि बेरीज पुन्हा १८, म्हणजे कर्ण समान. दुसरी, कर्णांचे मध्यबिंदू: दोन्हींचा मध्यबिंदू (१, ३.५, ४.५) येतो. कर्ण एकमेकांना छेदतात, म्हणून चारही बिंदू एका प्रतलात आहेत आणि आकृती चौरसच आहे. मध्यबिंदूची ही ओळ बरीच मुले सोडून देतात.

७. मापे घेताना आणि उत्तर तपासताना

गावाकडे मापे फुटात आणि इंचात सांगितली जातात, आणि तिथे एक सापळा आहे. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.६ फूट नव्हे. एका फुटात १२ इंच असल्यामुळे ते ९.५ फूट होतात. कॅल्क्युलेटरला हा फरक कळत नाही. एक माप फुटात आणि दुसरे मीटरमध्ये असेल तर आधी सारे एकाच एककात आणावे. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर.

आपले सूत्र काटकोनांवर उभे आहे, म्हणून प्रत्यक्ष मोजताना कोपरा काटकोनात आहे का ते पाहावे. मिस्त्री गुण्या लावून पाहतो. गुण्या नसेल तर एका भिंतीवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी, त्या खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. भिंत उभी आहे की झुकली आहे ते ओळंब्याने कळते. जुन्या मातीच्या घरात हे दोन्ही बहुधा जुळत नाहीत, तिथे कोपऱ्याऐवजी ओळंब्याची दोरी हाच झेड अक्ष मानावा.

उत्तर आल्यावर एक तपासणी तोंडीच करता येते. लांबी ही तीन फरकांपैकी सर्वांत मोठ्या फरकापेक्षा कमी कधीच नसते आणि तिन्ही फरकांच्या बेरजेपेक्षा जास्त कधीच नसते. फरकांची चिन्हे इथे सोडून द्यावीत. फरक ४, ३ आणि ३ असताना उत्तर ४ ते १०च्या बाहेर गेले, तर कुठेतरी वर्ग किंवा वर्गमूळ राहून गेले आहे. उत्तर नेमके १० आले, तर वर्ग न करताच बेरीज झाली आहे.

सरावासाठी पूर्णांकात सुटणारे फरक घ्या, म्हणजे चूक लगेच दिसते: १, २, २ ने ३ मिळतात, २, ३, ६ ने ७, ४, ४, ७ ने ९, २, ६, ९ ने ११, ३, ४, १२ ने १३. प्रत्येकासाठी स्वतः दोन बिंदू तयार करा, त्यांत निदान एक निर्देशक उणे ठेवा, आणि आकृती न काढता लांबी काढा. शेवटी ८, ९ आणि १२ घ्या आणि उत्तर १७ आले की सदिशांच्या (व्हेक्टरच्या) प्रकरणाकडे वळा.